दुसऱ्या आवृत्तीआधी आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "सगळं ठीक" म्हणाले आणि मग आईने फोन घेऊन पाच मिनिटं नळाच्या पाण्याचं सांगितलं. म्हणजे ठीक नाही. म्हणून पत्र लिहितेय. फोनवर बाबांना खोकल्याची उबळ येते आणि विषय तिथेच राहतो. आईच्या डोळ्याला ताण नको, तेव्हा बाबांनीच वाचून दाखवावं, दार लोटून घेऊन. गॅलरीत बसून नको.

आधी निर्णय सांगते, म्हणजे टांगून ठेवल्यासारखं होणार नाही. चाळीतल्या माणसांवरच्या माझ्या कथांचं पुस्तक, ज्यावरून चाळीत एवढं चाललंय, ते मी मागे घेत नाहीये. दुसऱ्या आवृत्तीत दोन कथा बदलतेय आणि एक नवी घालतेय. नवी कुठली ते पुढे आहे. मध्येच पानं उलटू नका.

चौदा नंबरच्या काकींनी तुमच्याशी बोलणं टाकलं, त्यात चूक त्यांची नाही, माझी आहे. संपाच्या कथेत मी काकांचं फक्त नाव बदललं होतं. वाटलं, नाव बदललं की झालं. माणूस नावावरून कमीच ओळखला जातो. कथेतला माणूस गिरणीतल्या कार्डिंग खात्यातला, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, तीन मुली, कणकवलीकडचा, आणि संध्याकाळी गॅलरीत रेडिओ कानाशी धरून बसणारा. यातली एकेक खूण घेतली तर लालबाग-परळात शंभर माणसं निघतील. दोन घेतल्या तर पाच-दहा. पाचही एकत्र आल्या की एकच माणूस उरतो, आणि तो वारलेला असला तरी त्याच्या घरचे आहेत. "सर्व पात्रे काल्पनिक" ही ओळ पहिल्या पानावर छापली आहे, पण ओळखणाऱ्याला ती थांबवत नाही. उलट, लेखिकेने ठरवून केलं आणि वर हात झटकले, असंच वाटतं.

एक खूण बदलायला गेले की तिच्यामागून चार बदलाव्या लागतात, हे आता कळतंय. बाबा, इथे तुम्ही हसाल. मी आधी त्याला कार्डिंगमधून काढून कापड विणायच्या साच्यांवर नेलं. मग बोटं जाण्याचं कारणच गेलं. कार्डिंगमध्ये बोटं जातात ती लिकर-इन नावाच्या रुळाच्या दात्यांत, मशीन पुरतं थांबायच्या आत कोणी साफ करायला हात घातला की. साच्यावर धोका वेगळा, आडवं सूत नेणारा धोटा सुटून तोंडावर येतो, डोळा जातो. शिवाय साचेवाल्याला आवाजाने कमी ऐकू येणार, म्हणजे तो रेडिओ कानाशी लावून बसेल का, आणि बसलाच तर किती मोठा लावेल? बायकोशी कुजबुजत बोलण्याचा प्रसंग तर उभाच राहत नाही, साचेवाले ओठ वाचतात आणि ओरडून बोलतात. तो अख्खा प्रसंग नव्याने लिहिला. आता तो साच्यांवरचा, एक डोळा अधू, एक मुलगा, गाव साताऱ्याकडचं. रेडिओ काढून टाकला. रेडिओच सगळ्यांत जास्त ओळखीचा होता, आणि मला तोच सगळ्यांत आवडायचा. आवडला म्हणून ठेवला होता, तिथेच फसले.

बदललेली कथा तिघांना वाचायला दिली आहे. एक आपल्याच चाळीत वाढलेला, एक पलीकडच्या गल्लीतली, एक गिरणगावाशी काही संबंध नसलेली. पहिल्याला "हे कोण?" असं विचारायचं, दुसरीला "हा माणूस खरा वाटतो का?" आणि तिसरीला "हा असं का वागला, ते कळलं का?" पहिल्याने नाव अचूक घेतलं तर पुन्हा लिहायचं. दुसरीला खोटा वाटला तर खुणा फार पुसल्या गेल्या, काहीतरी परत आणायचं. हे सगळं छापायच्या आधी करायला हवं होतं, हे मान्य.

एक गोष्ट मात्र मी बदललेली नाही. तो संपात आत गेला, म्हणजे संप चालू असताना गिरणीत कामावर गेला, हे कथेत राहणार. ते काढलं तर कथेत काही उरत नाही. बाबा, संपाचं तुम्हाला मी काय सांगणार! १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि संप मिटला असं आजपर्यंत कोणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. सहा महिन्यांत भांडी गेली, वर्षात दागिने गेले, अर्धी चाळ गावी गेली. ज्याला गावाकडे जमीन नव्हती तो कुठे जाणार? कथेत हेच आहे. त्याला गद्दार म्हणणारं एकच वाक्य आहे, ते दुसरं पात्र बोलतं, कथेच्या तिसऱ्या पानावर. आणि तेच पात्र चौदाव्या पानावर त्याच्या दारात तांदळाची पिशवी ठेवून जातं.

घोळ तिसऱ्या पानाने केला. कथा आधी दिवाळी अंकात आली, तेव्हा संपादकांनी ते गद्दारचं वाक्य उचलून पानाच्या मधोमध चौकटीत टाकलं, मोठ्या टाइपात. मला विचारलं नव्हतं. कोणीतरी त्या एका पानाचा फोटो काढला आणि तो प्रत्येक मोबाइलवर फिरला. चाळीतल्या किती जणांनी चौदा पानं वाचली असतील? बाबा, तुम्ही धरून चार, असा माझा अंदाज आहे. चौकट पुस्तकात नाहीच, आणि यापुढे कुठल्याही अंकाला कथा देताना "चौकटीतला मजकूर विचारून" असं लिहून देणार आहे.

काकींच्या धाकट्या जावयाची भीती वेगळी आहे आणि ती तुम्हीच दूर करू शकता. त्याला वाटतं, संपात आत गेल्याचं छापून आलं तर गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जावर परिणाम होईल. अजिबात होणार नाही. पात्रतेत मुख्य बघतात ते हे, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता का. ही तारीख संपाच्या सतरा दिवस आधीची आहे. नंतर तो बाहेर बसला की आत गेला, हे कोणी विचारत नाही, आणि कथा हा काही पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, हजेरीपत्रक. काका गेलेत, म्हणून वारसाचे कागद वेगळे लागतील, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अडतं. तो आत्ताच प्रतिज्ञापत्र करून दुरुस्त करून घ्या म्हणावं. बाबा, हे त्याला शांतपणे सांगा. माझी बाजू मांडायला म्हणून नको, नुसती माहिती म्हणून सांगा.

बदलतेय ती दुसरी कथा भिशीची, तिच्याबद्दल थोडक्यात. वीस बायका, महिना पन्नास रुपये, हजाराची भिशी. लवकर उचलणारीने पुढचे हप्ते थांबवले की सगळं ढासळतं, ते मी बरोबर लिहिलं. पण भिशी चालवणाऱ्या मावशींनी शिलाई मशीन विकून सगळ्यांचे पैसे फेडले, ते मी लिहिलंच नाही, कारण पैसे उचलणारीच्या पळून जाण्यावर कथा संपवणं जास्त झणझणीत वाटलं. आई, तू तेव्हाच म्हणाली होतीस, "आणि मशीनचं?" मी ऐकलं नाही. आता मशीन कथेत आहे.

तिसरी तक्रार, पोरांची, मला मान्य नाही. "आमची गरिबी विकून पैसे केले." बाबा, त्यांना हिशेब सांगा. पुस्तकाची किंमत अडीचशे, मला दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे पंचवीस. हजार प्रती छापल्या, त्यातल्या तीनशे साठ खपल्या. नऊ हजार झाले, तेही वर्षअखेरीच्या हिशेबानंतर मिळतील. ज्याला वाटतं यात पैसा आहे, त्याने जरूर लिहावं, मी वाचून देईन. "आपली घाण बाहेर काढली" असं म्हणणारे १९७८ सालीही होते. 'बलुतं' हे आत्मकथन आलं तेव्हा दया पवारांना आपल्याच माणसांकडून ते ऐकावं लागलं. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. एवढंच, की ही तक्रार माझ्यापासून सुरू झालेली नाही आणि तुम्ही ती अंगाला लावून घेऊ नका.

बाबा, तुम्ही विचारलंत, "पानं बदलायला एवढा वेळ कशाला?" सांगते. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. आपलं एकशे चव्वेचाळीस पानांचं, म्हणजे नऊ फर्मे. संपाची कथा पान ३७ ते ५०, ती तिसऱ्या आणि चौथ्या फर्म्यात येते. भिशीची ८१ ते ९२, सहाव्यात. अनुक्रमणिका पहिल्यात. नवी कथा बरोबर सोळा पानांची करून शेवटी दहावा फर्मा जोडायचा. म्हणजे पाच फर्म्यांच्या नव्या प्लेटा, बाकीच्या पाचांच्या जुन्या चालतील. पण बदललेली कथा चौदाच पानांत बसली पाहिजे. पंधरावं पान झालं तर पुढचे सगळे आकडे सरकतात आणि सगळ्याच प्लेटा नव्याने कराव्या लागतात. म्हणून एकेक ओळ मोजत बसलेय. गोदामातल्या उरलेल्या प्रतींची विक्री थांबवायला लावली आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू या, असं प्रकाशक म्हणत होते, मी नको म्हटलं. "पान ३९ वर अमुकऐवजी तमुक वाचावे" असं वाचलं की ज्याला माहीत नव्हतं तोही पान ३९ उघडून बघतो. खपलेल्या तीनशे साठ परत येणार नाहीत. त्याला इलाज नाही.

आता केसचं. "कोर्टात खेचू" हे जिन्यात ऐकलंत ना? घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, आधी दंडविधानाचं ४९९-५०० होतं. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस परस्पर दारात येऊन कोणाला नेत नाहीत. ते एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, जर ती घरच्यांच्या भावना दुखावण्यासाठी केली असेल तर. खरं आणि लोकहिताचं असलं तर कायद्यात अपवाद आहे, पण ते कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि माझ्या करारात असंही कलम आहे की दाव्याचा खर्च लेखकाचा. ते सही करताना मी नीट वाचलं नव्हतं. (बाबा, बोलू नका. माहीत आहे.) वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. पोस्टमनने आणलीच तर घ्या, परत पाठवू नका, पाकिटासकट फोटो काढून मला पाठवा. पोचपावती सोडून कशावरही सही करू नका. आणि माझ्या वतीने कोणाची माफी मागू नका, तोंडीसुद्धा नाही. मागायची ती मी मागणार आहे.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतेय. आल्या आल्या आधी काकींकडे जाणार, एकटी. त्यांना वाचता येत नाही, मी मोठ्याने वाचेन, चौदाही पानं, अर्धा तास लागतो. पेन्सिल घेऊन बसेन. कुठली खूण, कुठलं वाक्य काढायचं ते त्या सांगतील आणि मी काढेन. काका आत गेले एवढं सोडून सगळं त्यांच्या हातात. मांडवात, मंडळाच्या माइकवर वाचन वगैरे काही नको, बाबा, तुम्ही तशी काही बोलणी केली असतील तर मोडा. माइकपुढे माणूस दहा जणांच्या मनातलं बोलतो, स्वतःच्या नाही. आणि मंडळाच्या खजिनदारीचा राजीनामा दिलात असं कळलं, तो परत घ्या. तुमची वही छत्तीस वर्षांत एका रुपयाने चुकलेली नाही. त्या वहीचा माझ्या पुस्तकाशी काय संबंध?

आता नव्या कथेचं लिहिते.

चाळीत जे खुसपुसतात त्यातलं एक मला खरोखर लागलं: "दुसऱ्याच्या बापाचं लिहिलं, स्वतःच्या बापाचं का नाही?" मी पुष्कळ उत्तरं शोधली. एकही टिकलं नाही. नऊ कथांत चाळीतली सगळी घरं आहेत, सतरा नंबर, म्हणजे आपलं घर, नाही. म्हणून सोळा पानं सतरा नंबरची लिहिली. गावचे अकरा महिने, पाटल्या, आणि त्र्याऐंशी सालचा तो कागद, ज्यावर सही करून बाबा आत गेले. माझ्या जन्माआधीचं आहे, ऐकलेलं आहे, आणि तुम्ही दोघांनी कधी सलग सांगितलेलं नाही, म्हणून चुका असतील. लिहिलं हे नक्की, आणि छापणार हेही नक्की. बाबा, तुम्हाला कमी दाखवण्यासाठी नाही. पहिल्या पाळीहून आलात की तुमच्या केसांतला, भुवयांतला कापूस मी वेचायचे आणि त्याची गोळी करून खिडकीत ठेवायचे, ते आत गेलेल्या माणसाचेच केस होते. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पण चौदा नंबरने उघडं पडायचं आणि सतरा नंबरने झाकलेलं राहायचं, हे मला जमेना.

या कथेत खुणा बदललेल्या नाहीत. बदलू का, ते तुम्ही सांगायचं.

आता तब्येत. बाबा, श्वासाच्या औषधाचा पंप. तुम्ही घाईत दोन दाब एकदम मारता, औषध घशातच राहतं. आधी पाच-सहा वेळा हलवा, नळकांड्याला (स्पेसरला) लावा, पूर्ण श्वास सोडा, एकच दाब, सावकाश आत ओढा, दहापर्यंत आकडे मोजून धरा. एक मिनिट थांबून दुसरा. मग गुळण्या करून पाणी थुंका, नाहीतर तोंड येतं. रोजचा पंप बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही. दम लागल्यावर घ्यायचा तो निराळा. नळकांडं आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवा आणि तसंच वाळू द्या, आई, फडक्याने पुसू नकोस, पुसलं की औषध आतल्या बाजूला चिकटून बसतं. बाबांची छाती सोमवारी जास्त भरायची, आठवतं? आता गिरणी नाही, आता कुठल्याही वारी भरली तर डॉक्टरांकडे जायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

आई, दोन औषधांच्या थेंबांमध्ये पाच मिनिटं अंतर. लागोपाठ घातलेस तर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मोरीतली बादली उचलू नकोस, बाबा तांब्याने भरतील, त्यांना येतं, येत नाही असं दाखवतात. रात्री डोळ्यावरचं प्लास्टिकचं कवच लावूनच झोप. आणि सकाळी नळावर काकी दिसल्या तर तोंड चुकवून मागे फिरू नकोस. पाणी भर, त्यांची कळशी रिकामी असेल तर ती आधी लाव. बोलल्या तर बोल. नाही बोलल्या तर नको.

गादीखाली पैसे ठेवलेत ते मला माहीत आहे, त्यातले काढून पंखा दुरुस्त करून घ्या. मी आल्यावर देईन.

नव्या कथेची सोळा पानं याच पाकिटात आहेत, मोठ्या अक्षरात काढलीत, कागदाच्या एकाच बाजूला. आई, पाटल्यांचं सहाव्या पानावर आहे. कुणाकडे गहाण टाकल्या आणि तू तिथून येताना काय म्हणालीस, ते मी मामीकडून ऐकलेलं लिहिलंय, तुझ्याकडून नाही. बाबांकडून वाचून घे. चुकलं असेल तिथे त्यांना रेघ मारायला सांग, पेनाने नको, पेन्सिलनेच, म्हणजे तुझं मन बदललं तर खोडता येईल. पेन्सिल कपाटाच्या वरच्या खणात आहे, बाबांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत.

तुमची,
बाय